मुदत वाढते तेव्हा

(वाशीम येथे कुटुंबांच्या एकत्रीकरणात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२४ मार्च २०२० च्या रात्री पंतप्रधानांनी टाळेबंदीची घोषणा केली तेव्हा सांगितलेली मुदत एकवीस दिवसांची होती. एकवीस दिवसांचा हिशेब घरोघर सहज मांडला गेला. कोणी सूर्यनमस्कारांचा संकल्प केला, कोणी माळ्यावरची पुस्तके खाली काढून पुसून ठेवली. दूरदर्शनवर पुन्हा सुरू झालेले ‘रामायण’ तीन पिढ्यांनी एकत्र बसून पाहिले. शाखा मैदानावरून घरात आली. ठरलेल्या वेळी आजोबांपासून नातवापर्यंत सारे उभे राहून प्रार्थना म्हणू लागले. मग १४ एप्रिल उजाडला आणि मुदत ३ मेपर्यंत गेली. ३ मे आला, ती १७ मेवर गेली; १७ ची ३१ झाली. घराघरांतील उत्साह नेमका कोठे मोडला याचा शोध घेतला, तर तो टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी मोडलेला दिसत नाही. तो मुदतवाढीच्या दिवशी मोडला. माळ्यावरून काढलेली पुस्तके अर्धी वाचून तशीच राहिली, सूर्यनमस्कारांची संख्या घटत घटत शून्यावर आली, आणि सकाळी सहाला उठणारी घरे नऊला उठू लागली.

याच काळात वाशीम जिल्ह्यातील गावोगावच्या तरुणांवर आणखी एक मुदतवाढ कोसळली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हायची होती. ती पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, आणि अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. पुण्यातील खोल्या सोडून पुस्तकांच्या पेट्यांसह रिसोड, मानोरा, मंगरूळपीरच्या खेड्यांत परतलेल्या मुलांना जवळजवळ वर्षभर ‘पुढच्या महिन्यात’ या दोन शब्दांवर जगावे लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील एका निवासी शाळेतील दोनशेहून अधिक विद्यार्थी एकाच वेळी बाधित आढळले आणि नुकती उघडू लागलेली दारे पुन्हा मिटली.

टाळेबंदी इतिहासजमा झाली. घरी थांबलेला माणूस मात्र इतिहासजमा झालेला नाही. जाहिरात निघण्याची वाट पाहणारा पंचविशीतील पदवीधर आजही घरी आहे. तूर घरात आली की मृगापर्यंत हाताला काम नसलेला कोरडवाहू शेतकरी घरी आहे. गुडघ्यांनी असहकार पुकारलेले निवृत्त गुरुजी घरी आहेत. मूल लहान म्हणून नोकरी सोडलेली सुशिक्षित सून घरी आहे, आणि तिच्या ‘घरी असण्या’ला कोणी अडचण मानीतच नाही, हा त्या अडचणीचा सर्वांत अवघड भाग. या सर्वांच्या मनात एकच प्रश्न घोळतो: हे कधी संपणार? आणि दिवसाचे सारे काम त्या न आलेल्या उत्तराच्या पाठीमागे रांग लावून उभे राहते.

अशा प्रसंगी लोकमान्यांच्या मंडालेचे उदाहरण देण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले ही गोष्ट प्रत्येक व्याख्यानात येते आणि ऐकणारा आदराने मान डोलावून घरी जातो. त्या उदाहरणाने त्याच्या दुपारचे काहीही बदलत नाही. याचे कारण साधे आहे. तुरुंगाला घंटा असते. उठण्याची, जेवणाची, दिवा मालवण्याची वेळ दुसरा कोणी ठरवीत असतो. घराला घंटा नसते. घरात अंथरूण दिवसभर पसरलेले राहू शकते, जेवण दोनला होऊ शकते, आणि ‘जरा पडतो’ म्हणून पडलेला माणूस दिवे लागताना उठू शकतो. हातातील मोबाईलने तर ही सोय फारच वाढवून ठेवली आहे. म्हणून घरात अडकलेल्याने आदर्श शोधायचाच असेल, तर तुरुंगातल्यापेक्षा घरात अडकवल्या गेलेल्या माणसाकडे पाहणे अधिक उपयोगाचे. असा माणूस दूर शोधावा लागत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या जीवनातील अंदमान सर्वांना ठाऊक असते; रत्नागिरीची तेरा वर्षे मात्र अंदमानच्या छायेत झाकली जातात.

६ जानेवारी १९२४ रोजी सावरकर येरवड्याच्या कारागृहातून सुटले ते दोन अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर सरकारी परवानगीवाचून पाऊल टाकायचे नाही, आणि पाच वर्षे उघडपणे वा खासगी रीतीने राजकारणात भाग घ्यायचा नाही. अटी मान्य करून सुटल्याबद्दल त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. ती करणाऱ्यांनी पुढील तेरा वर्षांचा हिशेबही मांडावा, एवढीच रास्त अपेक्षा आहे.

त्या वेळची त्यांची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. वय चाळीस. कोलू ओढून खंगलेले शरीर. मुंबई विद्यापीठाने पदवी काढून घेतलेली, बॅरिस्टरीची सनद हाती पडलेलीच नव्हती. म्हणजे ज्या विद्येवर पोट भरावे ती विद्या कागदावर शून्य. अनेक वर्षांनी पुन्हा सुरू झालेला संसार आणि निश्चित प्राप्ती कोणतीच नाही. सरकारने दरमहा साठ रुपयांचा निर्वाहभत्ता सुरू केला तोही १९२९ मध्ये. ज्या एका कामासाठी आयुष्य वाहिले होते, ते राजकारणच निषिद्ध. त्यात १९२४ मध्येच रत्नागिरीत प्लेगची साथ आली. परवानगी काढून काही काळ नाशिकला, आणि मग रत्नागिरीजवळच्या शिरगावात दामले यांच्या घरी त्यांना राहावे लागले. स्थानबद्धतेच्या पोटात साथीची आणखी एक बंदी! २०२० चा अनुभव घेतलेल्या कुटुंबांना यापेक्षा जवळचे उदाहरण कोणते हवे?

त्या शिरगावातील घरीच १९२५ मध्ये डॉ. हेडगेवार त्यांना भेटून गेले. त्याच वर्षीच्या विजयादशमीला नागपुरात संघ सुरू झाला. शिरगावसारख्या आडगावीही माणसांची ये-जा थांबली नव्हती, एवढे यावरून दिसते.

मुद्दा असा की, निषिद्ध काय हे सरकारने ठरविले होते. जे निषिद्ध नव्हते त्याची यादी मात्र सावरकरांनी केली. राजकारण नाही, मग समाजकारण. जिल्ह्याबाहेर जाता येत नाही, मग जिल्ह्याच्या आत. सुटकेनंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २३ जानेवारी १९२४ रोजी रत्नागिरी हिंदुसभेची स्थापना झाली. आधी विश्रांती घेऊ, घडी बसू दे, मन स्थिर होऊ दे, मग पाहू, असा विचार त्या माणसाने केला असता तर कोणीही नावे ठेवली नसती.

त्यांचे काम पुढे कसे चालले हे पाहण्यासारखे आहे, कारण ते बरेचसे पायी चालण्याचे आणि दारे ठोठावण्याचे होते. दसऱ्याला सोने आणि संक्रांतीला तिळगूळ घेऊन, ज्यांना तेव्हा अस्पृश्य मानले जाई त्या बांधवांना बरोबर घेऊन, ते रत्नागिरीतील घरोघरी जात. कोणी ओसरीपर्यंत येऊ देई, कोणी दारच लावून घेई. दार लावले म्हणून पुढच्या सणाला ते घर वगळले जात नसे. सर्व जातींच्या स्त्रियांचे एकत्र हळदीकुंकू झाले. शाळांतून मुलांना जातीवरून वेगळे बसविण्याची रीत मोडावी म्हणून पाठपुरावा झाला. अस्पृश्य मानलेल्या तरुणांना वाद्यपथक उभे करून दिले गेले, म्हणजे मानाबरोबर चार पैसेही मिळावेत. सहभोजने झाली, त्यांवर बहिष्कार पडले, आणि बहिष्काराला न जुमानता पुन्हा सहभोजने झाली. १९३३ मध्ये सर्व हिंदूंसाठी खुले असे उपाहारगृह निघाले.

दिवसाचा उरलेला भाग लेखणीचा. ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्याच वर्षी ‘उःशाप’ नाटक, पुढे ‘संन्यस्त खड्ग’ आणि ‘उत्तरक्रिया’. ‘किर्लोस्कर’ मासिकातून विज्ञाननिष्ठेचे लेख. भाषाशुद्धीचे आणि लिपिसुधारणेचे आंदोलन. ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘हुतात्मा’, ‘दिग्दर्शक’ यांसारखे त्यांनी घडविलेले शब्द आज त्यांचे विरोधकही वापरतात, आणि कोणाचे शब्द वापरतो आहोत हे त्यांच्या गावीही नसते. ज्या नगरीत त्यांना डांबून ठेवले होते तेथेच लोक त्यांना भेटायला येत. १ मार्च १९२७ रोजी गांधीजीही त्यांच्या घरी येऊन गेले.

आता पाच वर्षांच्या मुदतीकडे यावे. ती १९२९ च्या जानेवारीत संपायची होती. पाच वर्षे एक-एक दिवस मोजलेल्या माणसाला त्या महिन्याचे काय वाटले असेल? मुदत संपली नाही, वाढली. पुढे पुन्हा वाढली, आणि वाढतच गेली. परंतु त्या मुदतवाढीनंतर दोनच महिन्यांनी, १० मार्च १९२९ रोजी, शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते रत्नागिरीत पतितपावन मंदिराची पायाभरणी झाली. दानशूर भागोजीशेठ कीर यांनी त्यासाठी थैली मोकळी सोडली. सर्व हिंदूंना समान प्रवेश असलेले ते मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी उघडले. ज्या वर्षी ‘सुटका नाही’ असे कळले, त्याच वर्षी पाया खोदला गेला, ही या तेरा वर्षांतील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. हे शक्य झाले, कारण रत्नागिरीतील काम ‘सुटेपर्यंतचा विरंगुळा’ म्हणून हाती घेतलेले नव्हतेच. विरंगुळ्याला मुदतवाढ सहन होत नाही, कामाला होते.

वऱ्हाडातील उदाहरण हवे असेल तर तेही आहे. वाशीम १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी तो अकोला जिल्ह्याचाच भाग होता. त्या अकोल्याच्या तुरुंगात डॉ. हेडगेवार १९३० च्या जुलैपासून होते. यवतमाळजवळच्या जंगल सत्याग्रहात त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली होती. निघण्यापूर्वी सरसंघचालकपदाची जबाबदारी डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवून ते मोकळे झाले. मागे राहिलेल्या कामाची काळजी करीत बसण्याचा प्रश्नच ठेवला नाही. तुरुंगात वऱ्हाडाच्या निरनिराळ्या गावांचे सत्याग्रही एकत्र आलेले होते. बाहेर असताना ज्यांच्यापर्यंत पोहोचायला महिनोन्महिने प्रवास करावा लागला असता, ती माणसे सरकारनेच एका भिंतीच्या आत आणून ठेवली होती. तेथे जुळलेले स्नेह १४ फेब्रुवारी १९३१ च्या सुटकेनंतर वऱ्हाडातील शाखाविस्ताराला उपयोगी पडले. हाताशी कोण माणसे आहेत, हे त्यांनी पाहिले. टाळेबंदीत एका छपराखाली सापडलेल्या आजोबा आणि नातवाने एकमेकांकडे असे किती वेळा पाहिले, याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्यापुरते द्यावे.

वस्तुतः थांबणे ही गोष्ट या भूमीला परकी नाही. इंग्रजी अमदानीच्या कितीतरी आधीपासून वर्षातील चार महिने एका जागी थांबण्याचे शास्त्र येथे तयार आहे. पावसाळ्यात भिक्षूंनी एका ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम. अजिंठ्याचे विहार हे अशाच निवासाचे स्थान. आणि अजिंठ्याचा वाशीमशी संबंध आहे, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असावयास हवे: वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, आणि सोळावे लेणे कोरविणारा वराहदेव हा त्याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. भिक्षूंनीच ती चित्रे काढली असे नव्हे. कलावंत वेगळे होते. परंतु पावसामुळे थांबलेल्या माणसांसाठी जी वास्तू उभी राहिली, ती पंधराशे वर्षांनंतरही जग पाहायला येते.

जैन मुनींचा चातुर्मास तर डोळ्यांसमोरचा. २०२२ मध्ये आचार्य विद्यासागर महाराजांनी मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या सान्निध्यात चातुर्मास केला. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा हे त्यांचे जन्मगाव. आयुष्यभर पायी हिंडलेले हे मुनी पावसाळ्यात मात्र नेमाने थांबत. हातमागाला त्यांनी दिलेले प्रोत्साहन येथे आठवावे. त्यांच्या प्रेरणेने मध्य प्रदेशातील सागर येथील कारागृहातही हातमाग बसले. ज्याला कोठे जाता येत नाही त्याच्या हाताला काहीतरी विणायला द्यावे, ही त्यामागची दृष्टी. ती किती खोल आहे हे रिकाम्या हातांनी दुपार काढलेल्यालाच कळेल.

गृहस्थाश्रमी माणसासाठी याच परंपरेने ‘नेम’ ठेवला आहे. आषाढी एकादशीला धरायचा, कार्तिकीला सोडायचा. कोणी रोज एक अध्याय वाचते, कोणी तुळशीपाशी दिवा लावते, कोणी एखादा पदार्थ वर्ज्य करते. नेम आकाराने लहान असतो, त्याची वेळ ठरलेली असते, आणि मुख्य म्हणजे तो मनाच्या लहरीवर सोडलेला नसतो. मन लागले तरच दिवा लावायचा, असा नेम कोणत्याही आजीने धरलेला नाही. अलीकडे ‘आधी प्रेरणा, मग काम’ असा क्रम सांगणारी पुस्तके खूप खपतात. आजीचा क्रम उलट होता, आणि अनुभव तिच्या बाजूने आहे. लाड कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. ‘गुरुचरित्रा’चा सप्ताह करणारी कुटुंबे या परिसरात पुष्कळ. सात दिवस ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आसनावर, ठरलेली पाने वाचणारा माणूस आठव्या दिवशी ‘मला वेळच मिळत नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याने स्वतःच्याच सप्ताहाकडे नीट पाहिलेले नसते.

२०२० च्या आषाढात पायी वारी झाली नाही. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड या मार्गाने पंढरीकडे जाते. त्या वर्षी हा रस्ता टाळमृदंगावाचून गेला. वाटेवरील गावांना ते जड गेले. तरीही घरोघर हरिपाठ झाला, कारण हरिपाठाला रस्ता लागत नाही. २६ एप्रिल २०२० रोजी नागपुरातून दूरस्थ पद्धतीने केलेल्या भाषणात सरसंघचालक मोहनजी भागवत यांनीही हेच सांगितले होते: नित्याचे कार्यक्रम थांबले, कार्य थांबलेले नाही, त्याने दुसरे रूप घेतले आहे.

आता पुन्हा त्या पंचविशीतील पदवीधराकडे. त्याला उपदेश पुष्कळ मिळतो, काम मिळत नाही. त्याने अभ्यास करावा हे खरेच, परंतु चौदा तास अभ्यास हा आकडा बहुधा दुसऱ्याला सांगण्यासाठीच असतो. सकाळचे चार तास नेमाने झाले आणि संध्याकाळचा एक तास घराबाहेरील कोणासाठी खर्च झाला, तर वर्ष वाया जात नाही. शेजारच्या तांड्यावरील किंवा वस्तीवरील चार मुलांना गणित शिकविण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि ज्याला शिकवावे लागते त्याचे स्वतःचे गणितही पक्के होते. परीक्षेचा निकाल काहीही लागो, ती चार मुले गणितात उत्तीर्ण झालेली असतील. कोरडवाहू शेतकऱ्याच्या उन्हाळ्यात बांधबंदिस्ती आहे, शेणखत आहे, घरच्या सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासणे आहे. गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवायला पैसा लागत नाही आणि पेरणीच्या वेळी बियाण्याचे हजारो रुपये वाचू शकतात. गुरुजींच्या गुडघ्यांना चालवत नसेल, पण गावाच्या चार पिढ्यांच्या आठवणी त्यांच्यापाशी आहेत. रोज एक पान लिहून झाले तरी वर्षाला साडेतीनशे पाने होतात.

राहिली ती घरची सून. तिच्यासाठी वेळापत्रक सुचविणे हा उद्धटपणा होईल, कारण टाळेबंदीत घरातील सर्वांना सुट्टी मिळाली तेव्हा तिचे काम दुप्पट झाले होते. तिला सल्ल्याची नव्हे, एका तासाची गरज आहे. तो तास तिच्या नावाने राखून ठेवणे, त्या वेळी मूल सांभाळणे आणि चहा स्वतः करून घेणे, हा घरातील पुरुषांचा नेम होऊ शकतो. कुटुंबप्रबोधनाच्या बैठकांतून हा विषय निघतो तेव्हा हशा पिकतो आणि पुढचा विषय घेतला जातो. तो हशा थांबेपर्यंत हा विषय परत परत घ्यावा लागेल.

सावरकरांवरील निर्बंध १० मे १९३७ रोजी उठले. पाच वर्षांची तेरा झाली होती आणि वय चोपन्नच्या घरात गेले होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात कर्णावतीच्या अधिवेशनात त्यांनी हिंदु महासभेचे अध्यक्षपद स्वीकारले आणि निषिद्ध असलेले राजकारण पुन्हा उघडपणे सुरू झाले. रत्नागिरीत मागे राहिलेल्या पतितपावनाच्या गाभाऱ्यात सकाळची पूजा नेहमीच्या वेळी होत राहिली.